गाडीचे शॉकप

माणूस ज्या वस्तूवर रोज बसतो तिच्या खाली वाकून तो सहसा पाहत नाही. आमची मारुती व्हॅन २००९ साली घरी आली, तेव्हा मी बालवाडीत होते. तेव्हापासून तिच्या मागच्या बाकावर बसून मी शाळेला गेले, लग्नांना गेले, गणपतीला गावी गेले. परंतु त्या बाकाखाली काय आहे असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कलाशाखेच्या विद्यार्थिनीला पान ठाऊक असते, पान्याशी तिचा संबंध येत नाही. तो संबंध यंदाच्या पावसाळ्यात आला, आणि तो आजीमुळे आला.

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. एका सकाळी आजी न्हाणीघरात पडली. उठता येईना. घाबरलेल्या माणसांना रुग्णवाहिका बोलावण्याचे सुचत नाही. बाबांनी आणि मी तिला उचलून व्हॅनच्या मागच्या बाकावर आडवे केले आणि सायन कोळीवाड्यावरून गाडी सायन रुग्णालयाकडे हाकली. अंतर ते किती! पण वडाळ्याकडे ये-जा करणाऱ्या ट्रकांनी आणि पावसाने मिळून त्या रस्त्याची जी दशा केली होती, ती सांगण्यात अर्थ नाही. वाटेत एक उंच गतिरोधक लागतो. बाबांनी गाडी हळू केली होती, तरीही मागचा भाग एकदा आदळला, मग आपणहून उसळून पुन्हा आदळला, आणि थोडे थांबून पुन्हा एकदा. आजीचे डोके माझ्या मांडीवर होते. ती ओरडली नाही. रुग्णालयाच्या दारात तिला उतरवताना पाहिले तर तिने खालचा ओठ दातांनी फोडून घेतला होता. ते बाबांनीही पाहिले.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आणि सोमवारी घरी नेता येईल असे डॉक्टरांनी सांगितले. मामा म्हणाला, "या खेपेला रुग्णवाहिका करा." तोच सर्वांत शहाणपणाचा सल्ला होता. पण आजीने खाटेवरूनच सांगून टाकले, "मी आपल्या डब्यातनंच येणार." आमच्या व्हॅनला ती पहिल्या दिवसापासून डबाच म्हणत आली आहे. बसवून न्यायला हरकत नाही, फक्त हादरे बसू देऊ नका, असे डॉक्टरांनीही बजावले.

शनिवारी संध्याकाळी बाबा गाडीच्या मागे उभे राहिले, बंपरवर दोन्ही हातांनी सारा भार टाकला आणि एकदम सोडून दिला. गाडी पाळण्यासारखी तीन-चार वेळा वरखाली झाली. चांगली गाडी एकदा वर येऊन जागेवर बसते. मग त्यांनी मला वाकायला सांगितले. चाकाच्या आतल्या बाजूला एक जाडसर नळी दिसली. तिच्यातून तेल झिरपून त्यावर धूळ बसली होती आणि दोहोंचे काळे लिंपण तयार झाले होते. टायरही एकसारखा झिजलेला नव्हता, मध्येमध्ये चट्टे पडले होते. "शॉकप गेलेत," बाबा म्हणाले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे त्यांचे कागदोपत्री नाव झाले. गॅरेजमध्ये ते कुणी घेत नाही.

खड्ड्याचा धक्का शॉकप झेलतो अशी माझी समजूत झाली. ती चुकीची निघाली. धक्का झेलतो तो पाटा. या व्हॅनला मागे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेले पाटे असतात. पाट्याचा दोष एवढाच की तो घेतलेले सगळे परत करतो: दबतो, उसळतो, पुन्हा दबतो. त्याला आवरणारा तो शॉकप. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. दट्ट्या वरखाली होताना तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि तेल घाई करत नाही. उसळीचा जोर तिथेच खर्ची पडतो आणि उष्णता होऊन हवेत निघून जातो. तेल गळून गेले की आवरणारे कुणी उरत नाही. म्हणजे त्या गतिरोधकावर आजीला बसलेला पहिला हादरा रस्त्याचा होता. पुढचे दोन आमचे होते.

नेहमीचे मिस्त्रीचाचा नेमके लग्नासाठी मुलखात गेलेले, आणि नवख्या हाती गाडी द्यायला बाबा तयार होईनात. "आपणच बदलू," ते म्हणाले. सायन कोळीवाड्याच्या दुकानातून आम्ही नवे शॉकप आणले. एका बाजूचा जास्त गळत होता म्हणून मी एकच घेऊ या म्हटले, तर दुकानदाराने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. शॉकप जोडीनेच बदलायचे. नाही तर एक बाजू आवरलेली आणि एक मोकाट, अशी गाडी वळणावर दगा देते. रात्री झोपण्यापूर्वी बाबांनी सगळ्या गंजक्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले.

रविवारी सकाळी इमारतीसमोर आमचा कारखाना सुरू झाला. पुढच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, कारण अधांतरी चाक जोर लावताना फिरते. मग जॅक लावून गाडी उचलली आणि मिस्त्रींच्या पोराकडून आणलेले लोखंडी घोडे खाली सरकवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, हे चाचांनी फोनवरून तीनदा बजावले होते. खालचा नट मुकाट्याने सुटला. वरचा मात्र जन्मोजन्मीचे वैर असल्यासारखा बसला होता. बाबांनी पान्याला पाइप जोडून जोर केला, पाना निसटला आणि त्यांच्या बोटांची सालपटे निघाली.

हात पुसत ते थोडा वेळ बसून राहिले. मग पाना माझ्यापुढे धरून म्हणाले, "तू बघ."

गेल्या सोळा वर्षांत त्यांनी मला त्या गाडीची काचसुद्धा पुसू दिली नव्हती. मी गोणपाट अंथरून खाली सरकले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणाले, "पोरीला काय हो हे कामाला लावलंत!" बाबा काही बोलले नाहीत. ते बॅटरी धरून बसले होते, आणि नटावर पडलेला प्रकाशाचा गोल सारखा हलत होता. बोटांना लागले म्हणून हात थरथरत असेल असे मला वाटले.

"चाचांनी मला दिवाळीतच सांगितलं होतं," ते एकदम म्हणाले. "शॉकप गेलेत म्हणून. मी म्हटलं, चालतंय तोवर चालवू. नोंदणीला नुकताच खर्च झालेला."

गाडीला १५ वर्षे झाल्यावर २०२४ मध्ये तिची पुन्हा नोंदणी करावी लागली होती, ते मला आठवत होते. मी पाना फिरवत राहिले.

"तिनं ओरडायला हवं होतं गं," ते म्हणाले. "ओरडली असती तर बरं झालं असतं."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. गाडीखालून माणसाला फक्त समोरच्याच्या चपला दिसतात; अशा वेळी ते सोयीचेही असते. मी दोन्ही पाय चाकाच्या कमानीला टेकवून अंगातला सगळा जोर लावला, आणि कट्ट असा आवाज होऊन नट हलला. तो मोडला असेल अशी भीती वाटली. पण तो सुटला होता.

निघालेला शॉकप मी दाबून पाहिला. एका हाताने तो सायकलच्या पंपासारखा आत गेला आणि तसाच निपचित पडून राहिला. नवा बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाबायचा आणि ओढायचा असतो, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. तो दाबताना माझे दोन्ही हात भरून आले. जे आवरण्यासाठी असते ते मुळात असे जड असावे लागते, हे त्या दिवशी मला हातांनी कळले. दुसरी बाजू तासाभरात झाली. शेवटचा आवळ मात्र राखून ठेवला होता. चाचांनी फोनवर सांगितले होते, "गाडी ज़मीन पे रखके ही आख़री कसना." गाडी अधांतरी असताना नट कसले तर रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि लवकर फाटतात, भार अंगावर आल्यावरच कसायचे. बाबांनी पुन्हा बंपर दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि जागेवर बसली.

सोमवारी आजीला उशांच्या आधाराने मागे बसवले. मी तिच्या शेजारी होते. बाबा तोंडातून शब्द न काढता चालवत होते. तो गतिरोधक जवळ आला तशी मी आजीचा हात घट्ट धरला. पुढची चाके चढली, उतरली. मागची चढली, आणि गाडी एकदाच खाली बसली. मी दुसऱ्या हादऱ्याची वाट पाहत होते. तो आला नाही.

आजीने डोळे उघडले. "आज एकदाच बसला," ती म्हणाली. "त्या दिवशी तीन होते."

म्हणजे तिनेही मोजले होते. आरशात बाबांचे डोळे क्षणभर मागे वळले आणि पुन्हा रस्त्याकडे लागले. घर येईपर्यंत कुणीच बोलले नाही. पण सेक्टरच्या वळणावर बाबांनी गाडी इतकी हळू घेतली की मागचा रिक्षावाला भोंगा वाजवून थकला.