तिन्हीसांजेचा किनारा

पेंग्विन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे बर्फ उभा राहत असेल. माझ्याही राहत असे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. पुढे शाळेच्या सहलीबरोबर मी ते पाहिले, तेव्हा काचेमागच्या त्या थंडगार कक्षाने हा समज अधिकच पक्का केला. वास्तविक तेही पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे पक्षी, बर्फाशी त्यांचा संबंध नाही. पण हे मला पुष्कळ नंतर कळले. म्हणून आधीच सांगते, की ज्या पेंग्विनांविषयी मी लिहिणार आहे त्यांच्या वाटेवर वाळू आहे, गवत आहे, खारा वारा आहे. बर्फ मात्र कोठेही नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त मेलबर्नला असतो. गेल्या खेपेस त्याच्याकडे जाताना मी आईलाही बरोबर नेले. तिचे वय शहात्तर. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यातला तिचा जन्म, आणि विमानात बसण्याची ही पहिलीच वेळ. शहरातले उंच मनोरे, ट्रॅम, मोठाली दुकाने हे सारे तिने पाहुण्याच्या घरचे फोटो पाहावेत तसे सौजन्याने पाहिले. शेवटी मुलगा म्हणाला, “आजी, आता तुला एक गंमत दाखवतो.” आणि एका दुपारी तो आम्हांला फिलिप आयलंडला घेऊन निघाला.

हे बेट मेलबर्नच्या आग्नेयेस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. सान रेमो गावाजवळचा पूल ओलांडला की बेट सुरू होते आणि पार पश्चिमेच्या टोकाला, बासच्या सामुद्रधुनीकडे तोंड करून, समरलँडचा किनारा आहे. जगातील सर्वांत लहान पेंग्विन येथे राहतात. उंची सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या शाळेतल्या फूटपट्टीहून किंचित जास्त, वजन किलोभर. पाठ निळी, पोट पांढरे. वरून पाहणाऱ्या शिकारी पक्ष्याला निळी पाठ पाण्यात दिसत नाही आणि खालून येणाऱ्या माशाला वा सीलला पांढरे पोट आभाळात मिसळून गेलेले वाटते. बेटावर अशा पक्ष्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे.

नोव्हेंबर संपत आला होता. तेथे तो उन्हाळ्याचा आरंभ. सूर्य मावळायला साडेआठ वाजत आले. तरी वारा असा बोचरा, की मी आईला शालीवरून मुलाचे जाकीट घातले. वाळूच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची बैठक बांधलेली आहे. तेथे बसल्यावर रक्षकांनी सांगितले : फोटो काढायचा नाही, दिवा लावायचा नाही, उठून उभे राहायचे नाही, हळू बोलायचे. शेकडो माणसे हातातला फोन खिशात ठेवून समुद्राकडे पाहत गप्प बसली आहेत, हे दृश्य मला तरी पेंग्विनांइतकेच दुर्मीळ वाटले.

वाट पाहणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. तुमच्यापैकी बहुतेकजण दिवसभराचे काम आटोपून, घरातली निजानीज झाल्यावर ही पुस्तिका उघडत असतील. दिवस ज्याचा स्वतःचा नसतो त्याला अंधाराची सोय कळते. या पक्ष्यांचेही तसेच. पहाटे उजाडण्यापूर्वी ते समुद्रात शिरतात, दिवसभर पोहून, बुड्या मारून छोटे मासे पकडतात. परंतु पोट भरले तरी उजेडी घरी येत नाहीत. वाळूचा पट्टा उघडा, लपायला जागा नाही, आणि पाय असे आखूड की पळता येत नाही. वर गरुड असतो. म्हणून ते लाटांपलीकडे जमतात आणि अंधार पडण्याची वाट पाहत पाण्यावर थांबून राहतात.

प्रथम आईलाच ते दिसले. “ते बघ, काळं काय आलंय,” ती म्हणाली. लाट फुटली आणि ओसरताना वाळूवर दहा-बारा ठिपके ठेवून गेली. ठिपके उठून उभे राहिले. अंग झटकले, इकडेतिकडे पाहिले. एकाने चार पावले पुढे टाकली, बाकीचे हलेनात. मग तोही कचरला, वळला, आणि सगळेच पुन्हा पाण्यात पळाले. बैठकीवर दबलेले हसू उमटले. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा मात्र एक जाड लाट त्यांना थोडी वर सोडून गेली, आणि मागे फिरण्याचे अंतर पुढे जाण्याच्या अंतराएवढेच झाले असावे. कारण सगळा जथा पुढे वाकून, पंख फाकवून, वाळूवरून एकदम निघाला. गवतात शिरेपर्यंत कोणी थांबले नाही. त्यांच्या मागे दुसरा जथा, मग तिसरा. रक्षक ते रोज संध्याकाळी मोजतात. येथील पेंग्विनांचा शास्त्रीय अभ्यास १९६८ पासून अखंड चालू आहे. एका पायवाटेवर तर वजनकाटाच बसवला आहे. पक्षी त्यावरून चालत गेला की त्याच्या अंगातल्या चिपवरून तो कोण, आणि आज किती खाऊन आला, हे समजते.

अंधार पुरता पडल्यावर आम्ही लाकडी मार्गावरून परत फिरलो. पेंग्विन त्याच मार्गाच्या खालून, हाताच्या अंतरावरून, टेकडी चढत होते. लाकडाचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाईसारखे पुढे झुकून दहा पावले जायचे, मग उभे राहून दम खायचा. “दमलं गं ते,” आई म्हणाली. दमणारच. पोटात पिलांसाठी मासे, आणि काहींचे घर टेकडीच्या पार वर. प्रत्येकाचे बीळ ठरलेले. कोठे जमिनीत खणलेले, कोठे माणसांनी ठेवलेली लाकडी पेटी. आतून पिलांचा चिवचिवाट आणि मोठ्यांचे घोगरे, गाढवासारखे ओरडणे चालू होते. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो यावर विश्वास बसत नाही. पिले पंधरवड्याची होईपर्यंत आईबापांपैकी एक घरी थांबतो. नंतर दोघेही समुद्रावर जातात आणि पिले दारात बसून राहतात.

येथवर सगळे गोड होते. मग मुलाने उत्साहाने त्या जागेची हकीकत सांगितली. १९२०च्या दशकात हौशी लोक मशालीच्या उजेडात पेंग्विन पाहायला येऊ लागले. मग टेकडीवर भूखंड पडले, रस्ते झाले, घरे झाली. घरांबरोबर कुत्री आली, मोटारी आल्या. युरोपातून आणलेले कोल्हे तर होतेच, आणि एक कोल्हा एका रात्रीत कित्येक पेंग्विन मारतो. बेटावर एके काळी दहा वसाहती होत्या, त्यांतली ही एकच उरली. तेव्हा १९८५ साली तेथील राज्य सरकारने ठरवले, की या टोकावरची सगळी घरे आणि जमिनी विकत घ्यायच्या आणि ती जागा पक्ष्यांना परत द्यायची. दीडशेहून अधिक घरे गेली. रस्ते उखडले, गवत लावले. हे काम २०१० साली पुरे झाले. २०१७ साली बेट कोल्हेमुक्त जाहीर झाले. “एवढ्याशा पक्ष्यांसाठी आख्खी वस्ती उठवली, आजी!” मुलगा म्हणाला.

आई थांबली. अंधारात तिचा चेहरा मला दिसला नाही.

“मग मानसं गेली कुठं?” तिने विचारले.

तुम्हांला हा प्रश्न साधा वाटेल. आईचे गाव आज शिवसागर जलाशयाखाली आहे. कोयनेच्या धरणासाठी गाव उठले तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्यांना घाटाखाली जमीन दाखवण्यात आली; ती प्रत्यक्ष नावावर होईपर्यंत माझे आजोबा वारले होते. माझ्या लहानपणी, मे महिन्यात पाणी खाली गेले की आई आम्हांला घेऊन जलाशयाच्या काठाशी जायची. चिखलात घरांची जोती दिसायची. त्यांतले आपले ती बिनचूक ओळखायची, त्यावर जाऊन उभी राहायची, आणि “हिथं चूल” एवढेच म्हणायची. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, माझ्या शाळेतले दिवे लागले. ते धरण नको होते, असे मी म्हणू शकत नाही. आईही कधी म्हणाली नाही. पण या प्रश्नाचे उत्तर तिच्या समोर कोणी द्यावे, असे मला वाटत नव्हते.

मुलाने आपल्या परीने दिले. काहींची ती सुट्टीत येऊन राहण्याची घरे होती, काहींची कायमची. सगळ्यांना बाजारभावाने पैसे मिळाले. अनेकांना तरी फार वाईट वाटले. आणि त्या घरांच्याही आधी हे बेट बुनुरोंग लोकांचे होते, त्यांना तर कोणी काहीच विचारले नव्हते.

“किती वर्सं लागली म्हनालास?”

“पंचवीस.”

“पंचवीस वर्सं,” ती स्वतःशी म्हणाली. “धीरानं घेतलं म्हनायचं.” तिच्या गावाला एक पावसाळा मिळाला होता.

मी तेव्हा काही बोलले नाही, आणि आजही मला नीट बोलता येत नाही. त्या टेकडीवर उभे राहून पेंग्विनांची बाजू घेणे सोपे आहे. संध्याकाळी आपले बीळ जागच्या जागी सापडावे, एवढेच तर ते मागतात. उठून गेलेल्या माणसांपैकी कोणी एखाद्या संध्याकाळी त्याच बैठकीवर येऊन बसत असेल का, आणि गवतात आपल्या ओसरीची जागा शोधत असेल का, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. आईच्या मनातून तर नाहीच. पण एक पेंग्विन अगदी तिच्या पायाखालच्या फळीशी येऊन दम खात उभा राहिला, तेव्हा ती कठड्यावर हात ठेवून, तो निघेपर्यंत थांबली. आमच्या मागे रांग खोळंबली होती. रक्षकाने काही म्हटले नाही.

वाहनतळावर पाट्या आहेत : गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहा, पेंग्विन बसलेला असू शकतो. मुलगा दार उघडून फोन हातात घेत होता, त्याचा उजेड पाडावा म्हणून. तेवढ्यात आई एक हात गाडीच्या दारावर टेकून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, सावकाश खाली बसली. वाकून तिने एका बाजूने पाहिले, मग उठून पलीकडे गेली आणि तिकडून पाहिले.

“न्हाई कुनी,” ती म्हणाली. “चल, आता काढ गाडी.”