सोळा आण्यांचे दुखणे

आमचे आजोबा, घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत, बेळगावच्या रविवार पेठेत एका धान्याच्या पेढीवर छत्तीस वर्षे दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद हीच त्यांची दुनिया. आणे चलनातून १९५७ साली गेले, पण अप्पांच्या बोलण्यातून शेवटपर्यंत गेले नाहीत. पाऊस आठ आणे झाला, भात बारा आणे आले, सूनबाईची आमटी सोळा आणे जमली, असा त्यांचा हिशेब.

२०२३ च्या पावसाळ्यात त्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला. घरी येऊन रुग्णांना पाहणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी अप्पांना विचारले, "भाळ त्रास ऐतेन्री, अज्जा? शून्य ते दहा, किती?" अप्पा म्हणाले, "बारा आणे." सिस्टर मूळच्या कन्नड, पण त्यांना आण्यांचे भाषांतर करून सांगावे लागले नाही. त्या हसल्या आणि त्यांनी वहीत साडेसात लिहिले.

त्याआधी अप्पांना ट्रॅमाडॉलच्या गोळ्या चालू होत्या. पन्नास मिलिग्रॅमची एक, दिवसातून चार वेळा. त्या पुऱ्या पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले. ते नाव ऐकताच घरात शांतता पसरली. आत्या म्हणाली, "म्हणजे अफूच की! आता हे त्यांना गुंगीतच ठेवणार." बाबांनाही वाटले, मॉर्फिन दिले म्हणजे सारे संपले. डॉक्टर आमच्यावर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की, कर्करोगाच्या वेदनेवर तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे औषध द्यावे, वेदना उसळण्याची वाट पाहू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा या वेळी दहा मिलिग्रॅमची एकेक गोळी, आणि रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दिवसाचे साठ मिलिग्रॅम. मध्येच कळ आली तर जास्तीची एक, आणि ती वहीत लिहून ठेवायची. शिवाय पोट साफ राहण्याचे औषध रोज, न चुकता.

आठवड्याभरात अप्पा आठ आण्यांवर आले, आणि मग चार आण्यांवर. गुंगी दोन-तीन दिवस होती, ती ओसरली. ते उशीला टेकून बसू लागले, वर्तमानपत्र वाचू लागले, आईला आमटीचे आणे सांगू लागले. आत्या पुन्हा अफूबद्दल काही बोलली नाही.

तिला तरी दोष कसा द्यावा? आपल्या देशात ही भीती घरोघर आहे, आणि बराच काळ ती कायद्यातही होती. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ असे वाढले की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या मातीत हे औषध उगवते त्याच मातीत माणसे कण्हत गेली. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट थोडी मोकळी झाली.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही संकोच वाटतो.

मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरात विज्ञान शिकणारा मी एकटाच, त्यामुळे औषधांची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. मी मोबाइलवर एक ॲप उतरवून घेतले. अफूवर्गीय वेदनाशामकांचा हिशेब करणारे ते ॲप होते. औषधाचे नाव निवडायचे, मात्रा भरायची, की ते औषध किती मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचे, हा आकडा समोर येतो. मला ते फार आवडले. अप्पाही कधी कधी विचारीत, "काय बघालाईस रे त्यात?" मी म्हणे, "तुमची खतावणी, अप्पा."

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. एका शनिवारी दुपारपासून अप्पांची तगमग सुरू झाली. कुशीवर ठेवले तर उताणे करा म्हणत, उताणे केले तर उठवून बसवा म्हणत. हाताने चादर ओढीत होते. अंगात थोडा ताप होता. मी विचारले, "आज किती, अप्पा?" ते म्हणाले, "अठरा आणे." सोळाच्या वरचा आकडा त्या हिशेबी माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असावा. पाच वाजता जास्तीची एक गोळी दिली, आठ वाजता आणखी एक. काही उपयोग झाला नाही.

आत्याच्या सासऱ्यांना शेवटच्या आजारात फेन्टॅनिलच्या पट्ट्या लावीत. त्यांतल्या दोन उरल्या होत्या, त्या तिने आमच्याकडे आणून ठेवल्या होत्या. त्वचेला चिकटवायच्या. पाकिटावर लिहिले होते, ताशी पंचवीस मायक्रोग्रॅम. मी ॲपमध्ये फेन्टॅनिल निवडले आणि पंचवीस भरले. आकडा आला, साठ. अप्पांची दिवसाची मात्रा तरी किती? साठच! मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. ताळा जमला होता. गिळण्याची कटकट नको, घड्याळ नको. एक पट्टी लावली की झाले, आणि तोवर गोळ्याही चालू ठेवता येतील, असा मी विचार केला. पाकीट फाडणार एवढ्यात बाबा म्हणाले, "सिस्टरांना एक फोन तरी कर."

मी परवानगीसाठी नव्हे, माझा हिशेब सांगण्यासाठी फोन केला. सिस्टरनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "तम्मा, पट्टी बाजूला ठेव. अज्जांना लघवी कधी झाली?"

मी गप्प. आईकडे पाहिले. आईने बाबांकडे पाहिले. सकाळी झाली होती, बहुतेक. नक्की कोणालाच सांगता येईना.

अर्ध्या तासात सिस्टर स्कूटरवरून आल्या. त्यांनी अप्पांच्या बेंबीखाली नुसता हात ठेवला, तोच अप्पा ओरडले. पोट तिथे नारळासारखे टणक झाले होते. डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी नळी घातली. पिशवीत नऊशे मिलिलिटर लघवी जमा झाली. अप्पांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "गेलं की रे." दहाच्या गोळ्या त्यांनी नेहमीप्रमाणे घेतल्या आणि ते झोपले. औषध एक मिलिग्रॅमही वाढवावे लागले नाही.

नंतर स्वयंपाकघरात चहा घेताना सिस्टरनी मला समजावले. प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी तुंबू शकते, आणि मॉर्फिन पोट जसे बांधते तशी लघवीही अडवू शकते. म्हणजे ज्या वर्गातल्या औषधाने त्रासात भर पडली असती, त्याचीच मी भर घालायला निघालो होतो. पट्टीचा गुण यायला बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात. त्या रात्री तिचा काही उपयोग झाला नसता. उलट दुसऱ्या दिवशी, गोळ्यांच्या जोडीला, तिचा जोर चढला असता. अंगात ताप असला की त्वचेतून औषध अधिक वेगाने आत जाते. गुंगी वाढून श्वास मंद झाला, म्हणून पट्टी काढावी, तरी त्वचेखाली साठलेले औषध पुढे कित्येक तास रक्तात उतरतच राहते. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. पण माझ्या हातातला कप थरथरत होता.

पुढे मी या ॲपांविषयी जमेल तेवढे वाचले. ती ज्या तक्त्यांवर चालतात त्यांतले गुणक म्हणजे अनेक माणसांवरून काढलेले अंदाज आहेत, आणि अंदाज बदलतात. अमेरिकेतल्या तक्त्यांत ट्रॅमाडॉलचा गुणक पूर्वी ०.१ धरीत. तेथील सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत तो ०.२ धरला. म्हणजे अप्पांच्या दिवसाच्या दोनशे मिलिग्रॅम गोळ्या जुन्या तक्त्याने वीस आणि नव्याने चाळीस. गोळ्या त्याच, माणूस तोच! २०१३ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशी २३ ॲप्स तपासली. जवळजवळ निम्म्यांवर कोणा वैद्यकीय व्यक्तीचा हात असल्याचा उल्लेखच नव्हता. एक मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचे कोडीन किती, याला कोणी ३.३३ मिलिग्रॅम म्हणत होते, तर कोणी १२. मी ज्यावर विसंबलो तो फेन्टॅनिलचा २.४ हा गुणकही एकूण धोका किती याची बेरीज करण्यासाठी आहे, एक औषध थांबवून दुसरे सुरू करण्यासाठी नाही, असे त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी वाचले नव्हते.

यावरून ॲप वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. दशांशचिन्ह एक घर सरकले तर या औषधात अनर्थ होतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून ते सरकते. ऑक्टोबरात अप्पांची मूत्रपिंडे थकली. मॉर्फिनचे अवशेष अंगात साठू लागले, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलले. त्या वेळी त्यांनी आधी कागदावर हिशेब केला, मग मोबाइलवर पडताळला, आणि आलेल्या आकड्यातून एक तृतीयांश कमी केला. दुसऱ्या औषधाला शरीर किती सरावलेले आहे हे आधी कळत नाही, म्हणून डॉक्टर असे कमी करूनच सुरुवात करतात. शिवाय दोन दिवस अप्पांची झोप, बुबुळे आणि श्वास यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. ॲप तेच होते. माझ्या हातात त्याने प्रश्न संपवला होता. त्यांच्या हातात ते फक्त बेरीज तपासत होते.

आपल्या महाविद्यालयातले काही मित्र उद्या असली ॲप्स तयार करतील, काही औषधांच्या दुकानात बसतील, आणि आजारी माणसाच्या उशाशी तर प्रत्येकाला कधी ना कधी बसावे लागेल. त्यांना मी एवढेच सांगेन की, चौकटीत जे विचारलेले असते त्याचेच उत्तर यंत्र देते. लघवी झाली का, ही चौकट माझ्या ॲपमध्ये नव्हती. ती माझ्या डोक्यात असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी अप्पांना मी सारे कबूल केले. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताळा जमला म्हणून नोंद बरोबर असते असं नाही रे. चुकीच्या खात्यावर रक्कम पडली तरी ताळा जमतोच की." आणि पेढीवरची एक कोरी रोजकीर्द कपाटातून काढायला सांगितली. तिच्यात त्यांनी स्वतः थरथरत्या हाताने रकाने आखले: वेळ, गोळी, दुखणे, झोप, लघवी, शौच.

ती वही सात आठवडे चालली. दुखण्याच्या रकान्यात मी रोज त्यांना विचारून आणे लिहीत असे. शेवटच्या पानावर, ते गेले त्या दिवशीची सकाळी सहाची नोंद आहे. त्यांना बोलवत नव्हते. मी विचारले, तेव्हा त्यांनी उजव्या हाताची दोन बोटे वर केली.

मी लिहिले, दोन आणे.