सोंग घेणारा घाट

मेणवलीचा घाट तुम्ही पाहिलाय. ‘छे हो, मी कधी वाईला गेलोच नाही,’ असं तुम्ही म्हणाल. तरी मी पैज लावायला तयार आहे! २००४ सालचा ‘स्वदेस’ चित्रपट पाहिलाय ना? त्यातलं चरणपूर गाव आठवतंय? नदीकाठच्या रुंद दगडी पायऱ्या, शेजारी देऊळ, डेरेदार झाडं? चित्रपटात ते गाव उत्तर प्रदेशात आहे. प्रत्यक्षात तो घाट आहे आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी. २००३ सालच्या ‘गंगाजल’मध्ये बिहारमधलं गाव दाखवलं होतं. त्याचंही बरंचसं चित्रीकरण याच वाई परिसरात झालं.

म्हणजे हा घाट पट्टीचा बहुरूपी आहे म्हणायचा! पण बहुरूप्यालाही कधीतरी स्वतःचा चेहरा दाखवावासा वाटत असेल की नाही? हा प्रश्न मला पडला नव्हता. तो मला तिथल्या एका आजोबांनी विचारला. त्याचीच ही गोष्ट.

झालं असं, की माझी पुतणी पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला आणि तिच्या चार मित्रमैत्रिणींना अभ्यासाचा भाग म्हणून एक गाणं चित्रित करायचं होतं. तीन मिनिटांचं गाणं, मोबाइलचा कॅमेरा आणि हातात एकच दिवस. गाणं त्यांच्यातल्याच एका मुलीनं लिहिलेलं, तिनंच म्हटलेलं. घर सोडून निघालेल्या कुणाचं तरी गाणं. ‘काका, तुम्ही चला ना बरोबर, म्हणजे घरचे सोडतील,’ असा आग्रह झाला आणि मी त्या लवाजम्यात सामील झालो.

डिसेंबरातली थंडगार पहाट. पुण्याहून निघालं की खंबाटकीचा घाट लागतो, तो ओलांडला की सुरूर फाटा. तिथं उजवीकडे वळलं की थोड्या वेळात वाई येते. वाईत आम्ही आधी ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं. पुढून मूर्ती पाहून झाली की एक काम जरूर करा, देवळाच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली दिसेल. कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. थेट अंगावर घेण्याऐवजी वाट करून देणारी भिंत! बांधणाऱ्याच्या अक्कलहुशारीला मनातल्या मनात नमस्कार करून आम्ही मेणवलीला आलो.

मेणवली म्हणजे नाना फडणविसांचं गाव. १७६८ साली ते त्यांना इनाम मिळालं. मग त्यांनी इथं वाडा बांधला, एकामागून एक चौक असलेला. वाड्याच्या मागच्या अंगाला हा घाट. ऐन उन्हाळ्यातही पायऱ्यांवर सावली धरणारी झाडं आणि खाली संथ कृष्णा. आम्ही आधी रीतसर विचारून परवानगी घेतली. तुम्हीही कुठं कॅमेरा काढाल तर आधी विचारा बरं का! आपण दुसऱ्याच्या अंगणात असतो, हे विसरायचं नसतं.

सामान उघडलं आणि पुतणीनं यादी वाचायला सुरुवात केली. पाण्यात सोडायला बारा पणत्या. वाऱ्यावर उडवायला लाल ओढणी. फुटका आरसा. उडती कबुतरं (‘ती तिथं मिळतील’ अशी नोंद!). देवळाची घंटा. आणि पितळेची कळशी, पाणवठ्यावरच्या नायिकेसाठी.

मला हसू आलं. ‘अगं, ही सगळी मंडळी मी शंभर गाण्यांत पाहिली आहेत.’

‘म्हणून तर आणलीत!’ ती म्हणाली. ‘आम्हाला शिकवलंय, प्रत्येक प्रकाराचे संकेत असतात. ते पाळले की प्रेक्षकाला लगेच कळतं आपण काय बघतोय.’

यात खोटं काहीच नाही. आपला तमाशा घ्या. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गवळणीत मावशी आली की ती काहीही बोलायच्या आधीच लोक हसायला तयार होऊन बसतात. हा संकेत. बघणारा आणि दाखवणारा यांच्यातला जुना करारच म्हणा ना! गाण्यांच्या चित्रफितींचेही असे करार आहेत. गाणाऱ्याचा चेहरा जवळून दिसला पाहिजे, ओठ शब्दांशी जुळले पाहिजेत, दृश्यं तालावर बदलली पाहिजेत. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि नुसती गाणीच दाखवू लागली, तेव्हापासून तर हे करार जगभर पक्के झाले.

तालाचं गणित तुम्हीही करून बघा. या मुलांच्या गाण्यात मिनिटाला ८० ठोके होते. म्हणजे एक ठोका पाऊण सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं आवर्तन तीन सेकंदांचं. प्रत्येक आवर्तनाला दृश्य बदललं तर तीन मिनिटांत साठ दृश्यं लागणार! एका दिवसात साठ? कॅमेरावाल्या पोराचा चेहरा पडला. मग दोन आवर्तनांना एक दृश्य असं ठरलं. तीस दृश्यं. गाणंही संथ होतं, त्याला ते शोभणारं होतं.

दुसरी गंमत संथ गतीची. गाणारी मुलगी पायऱ्या उतरतेय, हालचाल स्वप्नातल्यासारखी सावकाश, पण ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळलेले. हे कसं करतात? कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं टिपतो आणि दाखवताना आपण सेकंदाला ३० दाखवतो. म्हणजे सगळं निम्म्या गतीनं दिसणार. मग चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गाणारीनं त्या वेगानं ओठ हलवायचे! घाटावर ते चिरक्या आवाजातलं भरधाव गाणं सुरू झालं आणि गावातली पोरं पोट धरधरून हसली. विरहाचं गाणं आहे, यावर कुणाचाही विश्वास बसेना.

त्या हसण्यानं एक आजोबा पायऱ्या उतरून आले. पांढरी टोपी, हातात काठी. थोडा वेळ बघत राहिले, मग विचारलं, ‘काय ओ पावणं, आज आमच्या गावाचं कुठलं गाव करताय?’

पुतणीला कळेना. ‘म्हणजे?’

‘अवो, या घाटानं यूपी केली, बिहार केला. वाईला दक्षिण काशी म्हणत्यात, म्हून इथं काशी करत्यात. सातारा जिल्हा कवा करायचा त्यानं?’

सगळे हसले. एक जण मात्र हसली नाही. गाणारी मुलगी खालच्या पायरीवर बसली होती. आजोबांनी तिलाच विचारलं, ‘गाणं कुठल्या गावचं हाय, पोरी?’

ती म्हणाली, ‘इथूनच वरच्या बाजूला. धोमच्या धरणात गेलं ते गाव. माझ्या आजीचं.’

तिच्या चारही मित्रमैत्रिणींना हे ठाऊक नव्हतं. महिनाभर त्या गाण्याला त्यांनी चाल लावली, साज चढवला, पण ते कुणाचं घर, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि ती कळशीही आजीचीच होती. घर सोडताना बरोबर आणलेली. ‘पाणवठ्याच्या दृश्याला चालेल’ म्हणून तिनं ती मुकाट्यानं पिशवीत घातली होती.

घाटावर शांतता पसरली. आजोबा ‘हां’ एवढंच म्हणाले आणि तिच्याजवळ बसले.

मग पुतणीनं यादी परत काढली आणि पेन्सिलीनं काट मारत सुटली. कबुतरं गेली. फुटका आरसा गेला, ‘कारण इथं कुणाचं मन फुटलेलं नाहीये, घर गेलंय.’ बारा पणत्या गेल्या, काशीचं सोंग त्यांच्यामुळेच येत होतं. घंटेवर मात्र वादावादी झाली.

मेणवलीची ती घंटा साधीसुधी नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. कॅमेरावाला म्हणाला, ‘बघ ना, हीसुद्धा आपलं घर सोडून आलेली! आपल्या गाण्याला किती फिट्ट बसते!’ बसत तर होतीच. पण पुतणी म्हणाली, ‘ते तुला माहीत आहे म्हणून. बघणाऱ्याला नुसती घंटा दिसेल. आणि त्याला समजावून सांगायला तिथं आपण नसणार.’ शेवटी घंटाही गेली. मला वाईट वाटलं, पण पोरीचं म्हणणं खरं होतं.

उरली फक्त कळशी.

आता संकेत आणि प्रतीक यांतला फरक बघा. कमरेवर कळशी घेतलेली नायिका म्हणजे पाणवठ्याचं गाणं, हा संकेत. तो सगळ्यांना आधीच पाठ असतो. प्रतीकाला मात्र त्याचा अर्थ त्या गाण्यातच कमवावा लागतो. एक वस्तू पहिल्यांदा दिसते तेव्हा ती नुसती वस्तू असते. पुन्हा दिसते तेव्हा आपण विचार करू लागतो. तिसऱ्यांदा दिसते तेव्हा ती बोलते. १९३७ सालच्या ‘कुंकू’ चित्रपटात व्ही. शांताराम यांनी साध्या घड्याळाकडून आणि आरशाकडून असंच काम करून घेतलं होतं. घरातल्याच वस्तू, पण त्या पुन्हापुन्हा दिसतात आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या मनातलं सांगू लागतात.

मुलांनी ठरवलं, कळशी तीनदा दिसेल. सुरुवातीला पुण्यातल्या घरी, नळाखाली भरताना. मधे मेणवलीच्या पायरीवर, रिकामी, आसपास कुणी नाही. आणि शेवटी धरणाच्या काठावर. धोम तिथून जवळच. गावातल्या महादेवापुढे कासवाच्या पाठीवर बसलेला सुरेख नंदी आहे. कॅमेरावाल्याचा हात शिवशिवला, पण आम्ही तो नुसता डोळ्यांनी पाहिला आणि पुढे धरणाकडे निघालो.

ऊन कलायला लागलं होतं. समोर निळंशार पाणी, पलीकडे डोंगर. कॅमेरावाला म्हणाला, ‘शेवटी कळशी पाण्यात सोडून द्यायची. हळूहळू भरेल आणि बुडेल. गावासारखी!’ दृश्य म्हणून कल्पना झकास होती, मीही मान डोलावली. पण गाणारी म्हणाली, ‘कळशी आजीची आहे. तिला विचारते.’ फोन लावला. आजी काय म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

‘बुडवायची नाही हं. एकदा बुडालंय तेवढं पुरे. भरून घेऊन ये.’

मग आजीनं विचारलं, ‘उभी कुठं आहेस? डोंगर कुठल्या हाताला आहे?’ नातीनं सांगितलं. ‘मग जराशी डावीकडं तोंड कर,’ आजी म्हणाली.

शेवटचं दृश्य तसंच घेतलं. ती डावीकडे तोंड करून उभी राहते, वाकून कळशी भरते, कमरेवर घेते आणि वळून चालू लागते. पाणवठ्याच्या गाण्यात असते अगदी तश्शीच चाल. म्हणजे जुना संकेतही उपयोगी पडलाच की! पण आता ती कळशी कुणाची, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं.

कॉलेजात चित्रफीत दाखवली. काही दृश्यं हलली होती, एके ठिकाणी ओठ जुळले नव्हते, ते सरांनी सांगितलंच. पण मला आठवतो तो दुसरा खेळ, आजीच्या घरी झालेला. तिनं चष्मा लावून सगळं पाहिलं. गाणं कसं झालं, याबद्दल चकार शब्द काढला नाही. शेवटचं दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. मग पडद्यावरच्या पाण्यावर बोट टेकवून म्हणाली, ‘दिशा बरोबर आहे.’ आणि उठून तिनं कळशी घासायला घेतली.

मेणवलीला तुम्ही जाल तेव्हा पायऱ्यांवर घटकाभर बसा. फोटो काढाल, गाणंही चित्रित कराल. जरूर करा. आणि ते आजोबा भेटलेच तर त्यांना सांगा, की एका गाण्यात तरी घाटानं सातारा जिल्हा केलाय.