भाषणाविना शब्बाथ

इस्रायलमधल्या दिमोनात शुक्रवारी दुपारी तीननंतर काही विकत मिळेल अशी आशा धरू नये. बस बंद होतात, शटर्स खाली येतात, गल्लीत फक्त तळलेल्या कांद्याचा वास आणि घाईघाईनं अंघोळीला पिटाळल्या जाणाऱ्या मुलांची आरडाओरड. नोव्हेंबरात सूर्य पावणेपाचच्या आतबाहेर मावळतो आणि शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्या त्याच्याही आधी लावायच्या असतात. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये वाढलेल्या बाईला ही शांतता अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमच्याकडे रात्री दहालाही जीन्सच्या कारखान्यांतली मशिनं चालू असायची आणि त्या खडखडाटातच आम्हाला झोप यायची.

तसं पाहिलं तर दोन्ही गावांची कुंडली जुळते. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातला लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना तिथे आणून उतरवलं आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्याला गावाचं नाव मिळालं. पत्त्यात बी.के. नंबर अजून लिहितात, तो बॅरेकचा. दिमोना १९५५ मध्ये नेगेवच्या वाळवंटात वसवलं, बीरशेवापासून ३५ किलोमीटरवर, आणि मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांना तिथे आणलं. मागाहून आपली कोकणातली, मुंबई-ठाण्याची बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी यहुदी, माणसं आली, कापडाच्या गिरण्यांत कामाला लागली. आज इथल्या बाजारात पोहे, कोकम आणि वालाची डाळ मिळते. दिमोनाला ‘छोटा भारत’ म्हणतात, ते उगाच नाही.

मुद्दा मुलांचा आहे. परवा आमच्याकडे पोरांचं शब्बाथ शिबिर झालं. दिमोना, बीरशेवा, येरुहाम, किर्यात गात इथल्या भारतीय घरांतली नववी ते बारावीची साठेक मुलंमुली शुक्रवार दुपार ते शनिवार रात्र एकत्र राहिली. देवधर्म, क्रिकेट, हिंदी सिनेमातला नाच, असा सगळा गोपाळकाला. मी स्वयंपाकघरात होते. आईबापांना प्रवेश तेवढ्यापुरताच होता.

शिबिर चालवत कोण होतं, तर अकरावी-बारावीची मुलं. हे इथे नवल नाही. बेने अकिवा ही धार्मिक युवा चळवळ १९२९ मध्ये जेरुसलेमला सुरू झाली, स्काउट त्याच्याही आधीचे. दोन्हीकडे पद्धत एकच: सोळा-सतरा वर्षांची मुलं मदरिख व्हायची आणि आपल्यापेक्षा धाकट्यांचा गट सांभाळायची. हेश्वान या हिब्रू महिन्यात बेने अकिवाच्या शाखांमधून तर धमाल असते. भिंती रंगवतात, नाटकं बसवतात, नाच बसवतात, रात्री उशिरापर्यंत रंगाचे डबे घेऊन पोरं शाखेतच. महिन्याच्या शेवटच्या शब्बाथला नववीच्या मुलांच्या तुकडीला तिचं कायमचं नाव मिळतं. आमच्या शिबिराची मोठी मुलं याच तालमीत तयार झालेली. पालकांनी अटी दोनच घातल्या: जेवण कोशर, म्हणजे यहुदी आहारनियमांप्रमाणे, हवं आणि मिक्लात, म्हणजे सायरन वाजल्यावर पळायचा निवारा, कुठे आहे ते पहिल्या तासात सगळ्यांना दाखवायचं. बाकीचं वेळापत्रक आम्ही छापून आल्यावरच पाहिलं.

सूर्यास्ताआधी एका मदरिखानं दारात वेताची टोपली ठेवली. प्रत्येकानं आपला फोन बंद करून, वर नावाची चिठ्ठी चिकटवून त्यात टाकायचा. कुणी कुरकुर केली नाही. घरी हेच मी सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं. स्वयंपाकघरात प्लाता, म्हणजे शब्बाथभर गरम राहणारी विजेची तवी, आधीच लावून ठेवली होती. तिच्यावर नारळाच्या दुधातली कोंबडी, भात आणि मोरोक्कन बायकांचं रात्रभर मंद शिजणारं हमीन. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आपल्या लोकांनी कोकणात नारळाला जवळ केलं आणि त्यात आमचं काहीच बिघडलं नाही.

द्राक्षरसावरचा आशीर्वाद, म्हणजे किद्दुश, झाला, जेवणं झाली, आणि मग सतरा वर्षांची एक मुलगी मधोमध उभी राहिली. तिनं १९६२ ची गोष्ट काढली. तेव्हा इथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं होतं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंतची वंशावळ तपासा. कारण काय, तर हे लोक शेकडो वर्षं बाकीच्या यहुद्यांपासून दूर राहिले, यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले कशावरून? १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. शेवटी पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला क्नेसेटची, म्हणजे संसदेची, खास बैठक बोलवावी लागली, बेने इस्राएल सर्वार्थानं यहुदी आहेत असं जाहीर झालं आणि ऑगस्टअखेर धर्मपीठानं फर्मानातून आपलं नाव काढलं.

बहुतेक मुलांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. ज्यांच्या आज्या त्या धरण्यात होत्या त्यांनीसुद्धा. एक पोरगा म्हणाला, “मग आपण त्यांचं आता का ऐकायचं?”

स्वयंपाकघरात आम्ही चौघी जणी हातातलं काम थांबवून दाराशी आलो. असल्या प्रश्नाला आमच्या पिढीकडे ठरलेलं उत्तर होतं: मोठ्यांना असं विचारत नाहीत. त्या मुलीनं उत्तरच दिलं नाही. तिनं खोलीचे दोन भाग केले. उजवीकडच्यांनी धर्मपीठाची बाजू मांडायची, डावीकडच्यांनी धरण्याला बसलेल्यांची, आणि अर्ध्या तासानं बाजू बदलायच्या. तो चिडलेला पोरगा धर्मपीठाच्या बाजूला आला तेव्हा आधी हिरमुसला, मग असा काही भांडला की विचारू नका. नियम सगळ्यांना सारखा नसेल तर उद्या एकत्र लग्नं कशी होणार, हा त्याचा सवाल होता. बाजू बदलल्यावर त्यालाच त्याचं उत्तर शोधावं लागलं. रात्री बारापर्यंत हे चाललं होतं. निकाल लागला नाही, पण त्यांच्यातलं कुणी निकाल मागितलाही नाही.

याउलट कॅम्पातलं आमचं लहानपण आठवा. गल्लीत आमचं एकटं बेने इस्राएल घर. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. शेजारच्या सिंधी काकी आम्हाला बरीच वर्षं पारशी समजत होत्या आणि समजल्यावरही त्यांच्या प्रेमात काही फरक पडला नाही. शुक्रवारी आई दिवा लावायची, शनिवारी शाळा असायचीच. सणावारी लोकल पकडून ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या १८७९ च्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये जायचं. तिथे आमच्या वयाची मुलं भेटायची, ओळख व्हायला लागायची, तेवढ्यात कुणीतरी काका माइकवर उभे राहायचे. विषय आपली परंपरा. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हानबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा. गोष्टी सुरेख होत्या, हे आज कळतं. त्या वेळी डोकं फक्त गाडीच्या वेळेकडे.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे काय पोरं काम करत नाहीत? करतात की. कॅम्पातलं कुठलंही गणपती मंडळ बघा. वर्गणी पोरं गोळा करतात, आरास पोरं करतात, रात्री मूर्तीची राखण पोरं करतात. चालियो व्रताच्या चाळीस दिवसांत सिंधी घरांतली कॉलेजची मुलं मंदिरात सेवा करताना मी पाहिली आहेत. कामाला ती कमी नाहीत. पण राबायचं पोरांनी आणि बोलायचं पाहुण्यांनी, ही वाटणी ठरलेली. सतरा वर्षांच्या मुलाला बांबू बांधायला सांगतात. गणपती का बसवायचा, यावर त्याचं म्हणणं काय, हे कुणी विचारत नाही.

शनिवारी दुपारचा वाद क्रिकेटचा होता. या देशात क्रिकेट टिकवलं ते बरंचसं आपल्याच लोकांनी. सुट्टीचा दिवस शनिवार, म्हणून सामनेही बऱ्याचदा शनिवारी. मग शब्बाथ पाळणाऱ्या मुलानं काय करायचं? चांगला फलंदाज असलेला एक मुलगा म्हणाला, तो चालत मैदानावर जातो, खेळतो, चालत परत येतो, गाडी नाही, पैसे नाहीत. दुसरीनं विचारलं, मग स्कोअर कोण लिहितं? हशा पिकला, पण प्रश्न बिनतोड होता, कारण शब्बाथला लिहिणंही वर्ज्य. शेवटी शुक्रवारी सकाळी सामने ठेवा असा अर्ज करायचं ठरलं. लिहायचं मात्र रविवारी.

एक गोष्ट मला खुपते, ती सांगते. इथे सतराव्या वर्षी मुलांवर एवढी जबाबदारी टाकतात त्यामागे अठराव्या वर्षाचं सैन्य आहे. ही मुलगी पुढच्या वर्षी गणवेशात असेल, म्हणूनच ती आज साठ जणांना इतक्या सहज सांभाळते. त्याचं कौतुक करताना माझी जीभ जड होते. ही शिकवण बंदुकीशिवायही देता यायला हवी, आणि देता येते असं मला वाटतं.

आकाशात तीन तारे दिसले आणि शब्बाथ संपवणारा हावदाला झाला. वेणीची मेणबत्ती, द्राक्षरस, सुगंधासाठी आमच्या घरच्या पद्धतीनं सब्ज्याची डहाळी. फोनच्या टोपलीकडे चारपाच जण धावले, बाकीचे मलिद्याच्या ताटाकडे. मलिदा, म्हणजे एलियाहू हानबीच्या नावाचा प्रसाद, मुलांनीच करायचा ठरला होता. पोहे भिजवले, नारळ खवला, वेलची कुटली. साखर की गूळ यावर बीरशेवा आणि दिमोनाची जुंपली. एका मुलीची आई मोरोक्कन. तिनं कुणाला न विचारता नारिंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलं. माझ्या शेजारच्या मावशी छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं बाई, हानबी काय म्हणेल!” आशीर्वाद म्हटले, एलियाहू हानबीचं गाणं झालं, ताटं फिरली. मावशींनी दोनदा घेतला. मी सांगते, तो मलिदा नव्हता, पण झाला होता फर्मास. नंतर बास्केटबॉलच्या कोर्टावर दिव्याखाली टेप लावलेल्या चेंडूनं सामना रंगला. मुली आणि मुलगे एकत्र, वाळवंटातली कडाक्याची थंडी, आणि ओरडणं निम्मं हिब्रूत, निम्मं हिंदी सिनेमाच्या संवादांत.

इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे यहुदी सुमारे ८५ हजार आहेत असं सांगतात. भारतात आता काही हजारच उरले आणि त्यातले बरेचसे ठाणे-मुंबई पट्ट्यात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते बरं झालं. पण ठाणे-कल्याण-अंबरनाथच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपल्यासारखी दहा मुलं एका जागी दोन दिवस भेटणं हे कुठल्याही सरकारी कागदावर मिळत नाही. आणि ही अडचण फक्त आमची नाही. कॅम्पातल्या तिसऱ्या पिढीच्या सिंधी मुलांची, बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या कोकणी मुलांचीही तीच आहे.

तेव्हा सिनेगॉगचे मुकादम असोत, मंडळाचे अध्यक्ष असोत की दरबारचे सेवादार, सगळ्यांना माझी विनंती आहे. येत्या सुट्टीत मुलांचं शिबिर ठरवाल तेव्हा जागा बघा, पैसे जमवा, डॉक्टरचा नंबर जवळ ठेवा. वेळापत्रक अकरावी-बारावीच्या मुलांना करू द्या आणि पाहुण्यांचं भाषण त्यातून काढून टाका. आपल्याला करमणार नाही असं वाटत असेल तर काळजी नको, साठ जणांच्या स्वयंपाकाला माणसं नेहमीच कमी पडतात.