टपावरचा टीव्ही : सातारा ते सांगली

कॅम्परव्हॅनच्या ट्रिपमध्ये सगळ्यात आधी काय ठरतं? रूट, गाणी आणि खाणं. आमच्याकडे ठरला टीव्ही. कारण बाबा! रिटायर झाल्यापासून त्यांनी पुणं सोडलेलं नाही. यंदा 'हो' म्हणाले, पण एका अटीवर : संध्याकाळच्या बातम्या दिसल्या पाहिजेत. मोबाइल? त्यावर त्यांना निवेदिका मुंगीएवढी दिसते. आणि रेंज गेली की तीही गायब.

आमच्या सेकंडहँड व्हॅनच्या टपावर आधीच्या मालकाने लावलेला अॅल्युमिनियमचा अँटेना होता, माशाच्या काट्यासारखा. साताऱ्यात शिरताना एका फांदीने तो आडवा केला. मग मोती चौकाजवळच्या दुकानात गेलो, तसाच नवा मागितला. दुकानदार हसले, ''लावा की! कावळ्यांची सोय होईल.''

मुद्दा बरोबर होता. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे. पण दूरदर्शनने देशभरातले जुने अॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२२ पर्यंत मोजकेच उरले. नवं डिजिटल प्रक्षेपण निवडक मोठ्या शहरांपुरतं. म्हणजे सातारा-सांगली पट्ट्यात काटेरी अँटेना ही निव्वळ शोभेची वस्तू.

पर्याय एकच, छत्री. डीडी फ्री डिश २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. मासिक भाडं शून्य, खर्च एकदाच, साधारण दीड-दोन हजार. दोन फुटांची डिश पुरते. बॉक्स मात्र एमपीईजी-४ चा घ्या, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनेल येत नाहीत. शिवाय १२ व्होल्टवर चालणारा असला की थेट गाडीच्या बॅटरीवर भागतं.

खरा प्रश्न होता : टपावर पक्की बसवायची की सुटी ठेवायची? बाबा म्हणाले, ''टपावर बसव, रोजची कटकट नको.'' मी सुटी घेतली, लोखंडी स्टँड आणि दहा मीटर केबलसकट. कारण सोपं आहे. टपावरच्या डिशला मोकळं आभाळ हवं, आणि आपल्याला व्हॅन उभी करायची असते झाडाखाली. सुटी डिश उन्हात, आपण सावलीत!

कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळ पहिली परीक्षा. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून डिशचं तोंड आग्नेयेला आणि नजर बरीच वर, जवळपास ६० अंश. त्यामुळे लांबच्या डोंगराची भीती नाही, जवळच्या आंब्याची आहे. बाबांनी फोनवरचं होकायंत्र धरलं, मी डिश केसभर सरकवत राहिले. ''थांब! आलं!'' त्यांचा हा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पेठ नाक्याला हायवे सोडला की दोन्ही बाजूंनी ऊस, आणि मग सांगली. तिथे डिशचा कोन जेमतेम अंशभर बदलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत काम झालं. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ भडंगाचा पुडा फोडला. पाऊस आला आणि चित्र गोठलं. जोरदार सरीत छत्रीचं हे होतंच, त्याला इलाज नाही.

मी उठायच्या आत बाबांनीच टीव्ही बंद केला. म्हणाले, ''बातम्या काय, उद्याही असतील. पुढच्या महिन्यात कोकणात जायचं का?''

तर मंडळी, घरातल्या हट्टी सीनियरला बाहेर काढायचंय? सुटी डिश घ्या, आणि पार्किंगला आग्नेय दिशा मोकळी बघा. बाकीचं रस्ता बघून घेतो.