सात ठिपके व अठ्ठावीस ठिपके

कोल्हापुराभोवतीं पंचगंगेकाठच्या मळ्यांत वांग्याच्या पानांवर ठिपक्यांचे ढालकिडे दिसले कीं आमचे विद्यार्थी ते सरसकट चिरडतात. पण त्यांत जाती दोन आहेत. कूळ एकच, पाठ तशीच फुगीर; आहार मात्र अगदीं निराळा.

२८ ठिपक्यांचा किडा वांग्याचा वैरी होय. त्याच्या मंद तांबूस पाठीवर बारीक लव असल्यामुळें ती चकाकत नाहीं. तो पानांतील हिरवा गर खरवडून नुसती जाळी मागें ठेवतो. ७ ठिपक्यांचा किडा भडक लाल व तुळतुळीत. तो पानास तोंड लावीत नाहीं, पानाचा रस शोषणारा मावा खातो. त्याची काळसर अळी इवल्याशा सुसरीसारखी ओंगळ दिसते, म्हणून बिचारी आधीं मारली जाते. वास्तविक माव्याचा फडशा तीही पाडते. वैऱ्याची अळी पिवळी व काटेरी असते.

असाच एक मांसाहारी ढालकिडा १८८८ सालीं ऑस्ट्रेलियाहून कॅलिफोर्नियांत नेला, आणि तेथील संत्र्यांच्या बुडत्या बागा वांचल्या. आमच्या मळ्यांत तो फुकट येतो. जहाल औषध फवारलें म्हणजे दोघेही मरतात. मावा मात्र थोड्याच दिवसांत पुन्हां वाढतो, व त्यास खाणारा फार मागाहून येतो.