फुप्फुसांतील चुन्याचा ठिपका

देहावरील ज्या जखमांच्या खुणा कातडीवर दिसतात, त्यांचें मनुष्यास कौतुक वाटतें. लहानपणीं आंब्यावरून पडल्याचा वण पुढें नातवंडांस हौसेनें दाखवितां येतो. परंतु तसाच वण फुप्फुसांत असला कीं घरांत कुजबूज सुरू होते.

गेल्या वर्षीं आमच्या छातीचें क्ष-किरणचित्र काढलें असतां उजव्या फुप्फुसांत एक पांढरा ठिपका आढळला. डॉक्टरांनीं जुनें चित्र मागवून दोन्ही ताडून पाहिलीं. ठिपका तिळभरही वाढला नव्हता. केव्हां तरी होऊन आपोआप बऱ्या झालेल्या क्षयाच्या बाधेची ती खूण असावी, असें त्यांनीं सांगितलें. कर्वेनगरांतील आमच्या घरीं मात्र आत्याबाईंनीं तत्काळ बजाविलें, "मुलीचें लग्न ठरेपर्यंत हें उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नकोस."

वस्तुतः हा ठिपका म्हणजे काय? श्वासाबरोबर क्षयाचे जंतू आंत शिरले कीं शरीरांतील पेशी त्यांस वेढा घालतात व तेथें एक बारीक गांठ बनते. गांठीचा मधला भाग मृत होतो. त्यांत हळूहळू कॅल्शियमचे क्षार सांचतात आणि भोंवतीं वणाचे तंतू विणले जातात. शत्रूस कोठडींत कोंडून दार चुन्यानें चिणून टाकावें, तसाच हा प्रकार. अशा ठिपक्यापासून दुसऱ्यास संसर्ग होत नाहीं. आपण पितों त्या दुधांतील कॅल्शियमशींही त्याचा संबंध नाहीं. तथापि भिंतीआड एखादा जंतु निद्रिस्त राहूं शकतो. म्हणून खोकला दोन आठवडे टिकल्यास थुंकी तपासून घ्यावी. वण विस्तृत असल्यास फुप्फुस ताठर होऊन दम लागतो, हेंही खरें.

डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें वारल्या, तेव्हां त्यांस बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. रॉबर्ट कॉखनें क्षयाचा जंतु १८८२ सालींच दाखविला होता. पण त्यावरील पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सांपडावयास १९४३ साल उजाडावें लागलें. आनंदीबाईंच्या देहास शत्रूस चिणण्याचा अवसर मिळाला नाहीं. आमच्या देहास मिळाला. यांत लाज ती कसली? उलट, बरा झालेला वणही लपविण्याची ज्यांस संवय लागली, ते उद्यां खरा रोगही लपवितील, आणि औषध असून माणूस गमावतील.

महर्षि कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं उघडपणें विवाह करून लोकनिंदा सोसली. त्यांच्या नांवाच्या वस्तींत राहून एक पांढरा ठिपका झांकणें आम्हांस शोभत नाहीं. म्हणून वरपक्षास पत्रिकेबरोबरच ही हकीकतही सांगावयाची, असें आम्हीं ठरविलें आहे. मुलीस तें मान्य आहे. आत्याबाई मात्र अद्याप रुष्ट आहेत.